लांब नळी

ता. ३ सप्टेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फोन लागत नाही म्हणून लिहिते आहे, उत्तरही पत्रानेच दे. काम असलं की बहिणीला भाऊ आठवतो असं म्हणशील. म्हण, पण काम कर. तुझ्या नळदुरुस्तीच्या भंगारातले पाइपचे तुकडे हवेत, दोन्ही टोकांना वाकडे जोड बसवून. माझ्या वर्गात वाचनगट असतो. पाच मुलं एका टेबलाभोवती, प्रत्येकापुढे त्याच पातळ पुस्तकाची प्रत. जो तो आपापलं पुटपुटत वाचतो आणि कोण कुठे अडतो ते मी वाकून ऐकते. नळी टेलिफोनसारखी धरली की पोराला आपलाच आवाज कानात मोठा येतो. शाळेकडे मागितल्या तर येईपर्यंत या पोरांना मिसरूड फुटेल.

अशा पाच कर. सहावी मात्र हातभर लांब, वाकेल अशी. कुठलं मूल कुठल्या पायरीचं पुस्तक वाचू शकतं, हे मीच ठरवते, आणि वीस तारखेला मोठ्या बाई गटात बसून ते पडताळणार आहेत. चुकलं तर वर्ग माझ्याकडून जाईल. दादा, वर्गाशिवाय मला काही येत नाही रे. हयगय करू नकोस.

वहिनीला नमस्कार. राग धरू नये, माया पातळ करू नये.

तुझी धाकटी


ता. ९ सप्टेंबर

चि. कानोशीस,
अ. उ. आ.

नळ्या पाठवल्या. कडा घासल्या, उकळत्या पाण्यातून काढल्या. तुझी वहिनी म्हणते, गिऱ्हाइकाच्या घरी इतकं मन लावून काम केलं असतं तर आपण कुठच्या कुठे असतो.

सहावी करताना हात थांबला. तोंडापासून कानापर्यंत वीतभर पुरते, मी स्वतःला लावून पाहिली. हातभर नळी पोराच्या नाही, समोर बसलेल्याच्या कानाला लागते. आणि तुझा फोन लागतो. तू उचलतेस, मी बोलतो, तू भलत्याच गोष्टीला हो म्हणून ठेवून देतेस. भिंतीपलीकडची कुजबुज ऐकून आईला सांगायचीस म्हणून तुला कानोशी म्हणायचो. कधीपासून ऐकू येत नाही? माझ्यापासून लपवलंस याचं फार वाईट वाटलं. नळीच्या टोकाला रबर लावलंय, टोचणार नाही.

जिवाला जप. उलट टपाली लिही.

दादा


ता. १३ सप्टेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पकडलंस. डावा कान गेल्या वर्षी गेला, आता उजवाही चाललाय. मोठ्याने बोललेलं कळतं, पुटपुटणं नाही. डॉक्टर म्हणतात, यंत्र लावलं तरी फार काळ भागणार नाही. आणि कानात यंत्र दिसलं की वाचनाचा वर्ग माझ्याकडे कोण ठेवील? पुस्तकं मला पाठ आहेत. मुलांचे ओठ बघायचे आणि मान डोलवायची, असं चाललं होतं.

नळी लावली आणि चौघांचं वाचन ऐकून मला रडूच आलं. पाचवी आमची खारूताई, पुढचे दोन दात मोठे म्हणून. तिला मी सगळ्यात वरच्या पायरीवर बसवलंय. तिची नळी मुकी. बोट ओळीवर, ओठ हलतायत, पान वेळेवर उलटतंय, आवाज नाही. मी नळी फुंकून पाहिली. मग तिने नळीत हळूच सांगितलं की तिला वाचता येत नाही आणि मला ऐकू येत नाही, हे तिला कधीचंच ठाऊक आहे, पण तिने कुणाला सांगितलं नाही. वर मलाच धीर दिला की वीस तारखेलाही ती ओठ अगदी छान हलवेल.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवशी तिला घरी राहायला सांगितलं तर वर्ग राहील, आणि ती अशीच ओठ हलवत वर जाईल. मी तोंड उघडलं तर माझं संपलं. काय करू, दादा? कुणाला विचारू?

तुझी कानोशी


ता. १६ सप्टेंबर

चि. कानोशीस,
अ. उ. आ.

मी शहाणपण शिकवणार नाही. पोरीला त्या दिवशी घरी राहू दे. पुढचं पुढे बघू. तुझ्या वहिनीने दोन दिवस माझ्याशी अबोला धरलाय, तरी हेच लिहितो. तू घरी बसलेली मला बघवणार नाही.

दादा


ता. १२ नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

इतके दिवस लिहिलं नाही, कारण तुझं ऐकलं नाही. वहिनीला सांग, आता अबोला सोड. वीस तारखेला खारूताईला मोठ्या बाईंच्या शेजारी बसवलं आणि दोघींचंही मीच सांगून टाकलं. वर्ग त्याच आठवड्यात गेला. आता मी पुस्तकांच्या खोलीत असते, संच लावते, फाटकी पानं चिकटवते. वर्गावरून जाताना अजून पाय अडखळतो.

एवढंच मागून घेतलं की मधल्या सुट्टीत खारूताई माझ्याकडे येईल. पहिल्या पायरीपासून धरलं, पानाला एक ओळ. तुझ्या नळीतून आधी नुसता श्वास यायचा, मग अक्षरं, मग अडखळत शब्द. जोडाक्षराशी अडली की मला इकडे कळायचं. असं सुख मला वर्गातही मिळालं नव्हतं.

काल ती वाचायला बसली. बोट ओळीवर, ओठ हलतायत, पान उलटलं, आणि नळी मुकी. मला वाटलं, पुन्हा सुरू झालं हिचं. इतका राग आला की मी पुस्तकच मिटलं. ती माझ्याकडे बघतच राहिली. दारात नव्या बाई उभ्या होत्या. त्या आत आल्या, माझ्यापुढचा कागद ओढला आणि त्यावर लिहिलं की ती वाचते आहे, मोठ्याने, न अडखळता.

फोन करू नकोस. पत्र लिही, आणि मोठं लिही.

तुझी कानोशी