आयरिश सिनेमातली मयत

डिंडोली, रविवार, १९९६

मायला आज तो सिनेमा दाखवायला नेलं, हे चुकलंच का? माझा भाऊ राजू गेल्यापासून घरात कुढत बसते, जरा मन रमेल म्हणून माझ्या कॉलेजात सिनेमा दाखवणार होते तिथे नेलं. सिनेमा आयर्लंडचा, म्हणून मी तिच्या कानात अर्थ सांगत होतो. समुद्रात बुडालेल्या पोराला घरात आणून ठेवतात, अख्खं गाव रात्रभर भोवती बसतं आणि आई त्याचे केस विंचरत राहते. तिथे मला काही सांगावं लागलं नाही.

आमच्या राजूला दवाखान्यातून घरी आणलं ते कापडात गुंडाळूनच. पलसाण्याला कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये तो कामाला होता, तिथला बॉयलर फुटला होता. काकांनी गाठ सोडू दिली नाही.

सिनेमा चांगला होता, कुणालाही बघ म्हणून सांगेन. पण ते केस विंचरणं... डोळ्यांपुढून जातच नाही.

घरी येताना रिक्षात माय म्हणाली, "तिले पोऱ्यानं तोंड देखाले भेटनं. माले कोनी देखू दिन्हं नही. तू देखेल शे ना? सांग."

दवाखान्यात राजूला ओळखायला मीच गेलो होतो. खरं तेच सांगितलं. चेहरा राहिलाच नव्हता, पायाच्या बोटांवरून ओळखला.

मग म्हणाली, "तसं तं तसं. आते डोयासमोर काही तं यी." आता डोळ्यांपुढे निदान काहीतरी येईल, म्हणे.

जेवली नाही. भिंतीकडे तोंड करून पडली आहे, पण झोपलेली नाही. मी तिला काही दिलं, की तिच्या मनात राजूचा होता तो चेहराही काढून घेतला?