सर्वात आवडत्या व्यक्तीचं खोटं उत्तर

चि. भाचेसाहेब यांस काकाचे अनेक आशीर्वाद.

तुझी पाठ आता बरी असेल. आमच्या तब्येती ठणठणीत आहेत. तुझी मावशी माझ्याशी बोलत नाही, एवढं सोडलं तर घरी सगळं क्षेम.

झालं असं की, जन्मभर लोकांची कुलपं उघडून दिली, तर घरच्या कॉम्प्युटरची सुरक्षाही आपणच शिकावी असं मनानं घेतलं. (तुझ्या मावशीच्या भरतकामाची सगळी नक्षी त्यातच आहे.) पण शिकायचं कुठून? एका व्हिडिओत सर्व्हरच्या खोलीवर पहारा कसा ठेवावा ते सांगत होते. आमचा कॉम्प्युटर चपलांच्या कपाटाशेजारी असतो. एका फुकट वर्गानं आधी माझा पत्ता, फोन, जन्मतारीख घेतली आणि पहिल्याच धड्यात बजावलं की ही माहिती अनोळखी माणसाला देऊ नये. शेवटी वाचनालयात घरगुती माणसांसाठीचं एक पातळ पुस्तक सापडलं. काय सांगू, सोन्यासारखं पुस्तक! मेलमधली लिंक ओळखीच्या माणसाची असली तरी खात्री केल्याशिवाय उघडू नये, असं त्यात आहे. (तू चांगल्या धड्यांच्या लिंका पाठवल्या होत्यास ना? त्या मी न उघडता पुसल्या. राग मानू नकोस.)

पुढे लिहिलंय, पासवर्ड विसरल्यावर जो प्रश्न विचारतात त्याचं उत्तर खरं ठेवू नये, कारण खरं उत्तर शेजाऱ्यालाही ठाऊक असतं. मला पटलं. प्रश्न होता, तुमची सर्वात आवडती व्यक्ती कोण? मी बेधडक खोटं उत्तर दिलं. मग पासवर्ड इतका अवघड ठेवला की मलाच आठवेना. पडद्यावर तो प्रश्न आला तेव्हा मावशी मागेच उभी. "सरका, मी लिहिते," म्हणाली आणि स्वतःचं नाव लिहिलं. उत्तर चुकीचं आलं. तिनं चष्मा पुसून पुन्हा लिहिलं. पुन्हा चूक. अगं, खोटं उत्तर दिलं म्हणजेच खरं उत्तर तू, हे मी पुस्तक उघडून दाखवलं. मग कुणाचं नाव घातलंत, म्हणाली. आठवत नाही म्हटलं, तर तेच तिला खोटं वाटलं. तेव्हापासून चहा समोर येतो, पण मुकाट्यानं. तिच्या बडबडीशिवाय घर खायला उठतं रे.

तेव्हा रविवारी येऊन कॉम्प्युटर उघडून दे.

तुझा,
काका

ता. क. दाढी करताना उत्तर आठवलं. तुझी आजी, म्हणजे माझ्या सासूबाई. कॉम्प्युटर चटकन उघडला आणि मी तो तितक्याच चटकन बंद केला. हे उत्तर खरं म्हणावं तर मावशी गेली, आणि खोटं म्हणावं तर सासूबाई शेजारच्याच खोलीत असतात.

आणखी एक ता. क. तरी तू येच. इकडेतिकडे चार बटणं दाब आणि उत्तर 'भाचा' निघालं म्हणून सांग. ते खोटं आहे हे मावशीला लगेच पटेल.