पडवी तापवू नये

मी, बोर्गहिल्ड नेसहाइम, राहणार स्ट्राउमविक, लोफोटेन बेटं, नॉर्वे, धंदा निसर्गाचे फोटो काढण्याचा, असं लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे, गुडघे नाहीत. हे मृत्युपत्र मी राजीखुशीने करत आहे. आधीचं रद्द समजावं.

राहतं घर मुलगा तोरस्टाइन याला. अट एकच: दाराशी असलेली थंड पडवी तापवू नये. तिथे हीटर लावून पाहुण्यांची बैठक करायची, हे त्याने केव्हाचं मनात घेतलंय. "आई, त्या पडवीत कॅमेरे सोडून बसतं कोण?" म्हणाला. "त्याच कॅमेऱ्यांनी तुला जेवू घातलंय, बाळा," मी म्हटलं. गारठ्यातून आणलेला कॅमेरा पिशवीत बांधून आधी तिथेच ठेवायचा. थेट उबेत नेला की भिंगाच्या आत दव धरतं. वकील म्हणतो, अशी अट कोर्टात टिकणार नाही. कोर्टाचं मला ठाऊक नाही, मुलगा माझा आहे.

मोठा कॅमेरा आणि तिवई बहिणीची मुलगी इल्वा हिला. वादळ आलं की गाव पडदे ओढतं आणि ही बूट घालते. इल्वा, समुद्रावरून आलीस की तिवई गोड्या पाण्याने धू, मीठ सांधे खातं. जादा बॅटऱ्या अंगालगतच्या खिशात ठेव, थंडीत त्या मान टाकतात.

शेजारी ओडवार यास माझा रेनकोट. आकाश निरभ्र असल्याखेरीज हा माणूस घराबाहेर पडत नाही आणि स्वतःला फोटोग्राफर म्हणवतो. एकदा तरी भिजावं.

जुनं धुरकट भिंग कोणालाही देऊ नये. एका फेब्रुवारीत मी गारांतून परतले, तेव्हा माझ्या नवऱ्याने, आर्नेने, कॅमेरा हातातून घेतला आणि लोकरी मोज्यात गुंडाळून शेगडीजवळ ठेवला. "गारठलाय गं बिचारा, तुझ्यासारखाच." आतल्या ओलीने बुरशी धरली. कॉड मासळीचा हंगाम सरेपर्यंत मी त्याच्याशी बोलले नाही. डोंगरांना ते भिंग पुढे चाललं नाही, म्हणून त्यातून मी फक्त आर्नेचे फोटो काढले. त्याला ते फार शोभलं. ते माझ्यासोबत शवपेटीत ठेवावं.

अंत्यविधी हवा बघून पुढे ढकलू नये. चर्चला नेण्याआधी पेटी थोडा वेळ पडवीत ठेवावी. तिथे कोण बसतं, हे तोरस्टाइनने तेव्हा बघावं. मग मला आर्नेशेजारी पुरावं. तो "गारठलीस गं" म्हणत जवळ घेईल. या वेळी मी अबोला धरणार नाही.

साक्षीदार, दोघेही माझ्यासमोर हजर:
मागनहिल्ड रोरविक, निवृत्त पोस्टमास्तर
अस्लाक टोमासेन, होड्या दुरुस्त करणारा

सही: बोर्गहिल्ड नेसहाइम
स्ट्राउमविक, ११ जानेवारी २०१९. सही पडवीत, हातमोजे काढून केली आहे. अक्षर हललंय ते थंडीने.