एकादशीची गोळी

नागपूर, ८ डिसेंबर १९६४

तीर्थरूप बाबांच्या पायांवर लेकीचं डोकं.

मी खुशाल आहे. क्षयरोगाच्या दवाखान्यातल्या नोकरीत आता रुळले. आपल्या उंद्रीत थंडी वाढली असेल. खोकला कसा आहे? आईचे गुडघे?

दादाचं पत्र मिळालं. गोळीनं उपास मोडतो म्हणून तुम्ही एकादशीला औषध चुकवत होतात. खोकला थांबला तरी गोळी रोज हवी, उतारवयात तर हवीच, हे मी बी.ए. झालेली मुलगी पत्रामागून पत्र लिहून सांगत होते. वहिनी एवढंच म्हणाली, "मामाजी, तुम्ही गोळी नाही घेतली तर मीबी बारशीले उपास सोडत नाही." आणि तुम्ही लगेच, "आण माय, दे."

औषध पोटात गेलं, बरं वाटलं. पण ते 'माय' मला लागलं. ते तुम्ही मला म्हणायचात.

इथे कडूबा नावाचे म्हातारे माझ्याच हातून गोळी घेतात. "माय, लय कडू हाय वो," म्हणतात. काल त्यांची लेक फणकारली, "ताई, आजपासून बाबाले गोळी मीच देतो." मी पुडी तिच्या हाती दिली.

मला इतक्या लांबून 'मीच देते' असं म्हणता येत नाही. तेव्हा वहिनीच्याच हातून घ्या, एकही चुकवू नका. तिला माय म्हणा. फक्त दादानं हे पत्र तुम्हाला वाचून दाखवलं की एकदा मोठ्यानं "माझी शेवंतामाय" म्हणा. मला ऐकू येणार नाही, पण वहिनीला येईल.

तुमचीच,
शेवंता