खोव्दचा उन्हाळी तास

२८ मार्च २०१५, शनिवार

पहाटे सरकारने आमचा एक तास नेला! हे कचेरीत या नव्या वेळेचे प्रमुख. काल निजण्याआधीच घरातली सगळी घड्याळं पुढे करून मोकळे. राजधानीच्या बरोबरीने चालायचं म्हणे. राजधानी आमच्या खोव्दच्या एक तास पुढे. आम्ही पुढे सरकलो, तर तीही सरकली! म्हणजे होतो तिथेच, झोप तेवढी गेली. हे बोलून दाखवलं तर म्हणतात, मला धोरण कळत नाही. नसेल कळत.

५ एप्रिल

गायींना फर्मान वाचून दाखवायला कुणी गेलेलं दिसत नाही. दूध जुन्याच वेळेला.

२४ मे

थोरले भावजी हो म्हणाले! आमच्या लेकीला, खुलानला, लग्नाशिवाय मूल झालं, तेव्हापासून लोदोयभावजींनी त्या पोराला मांडीवर घेतलेलं नाही. बाप कोण ते सांगा, मग बघू – हेच पालुपद. आता त्याच्या, बदरालच्या, जावळाला येतायत, पहिली बट स्वतः कापणार, शिंगरू देणार. घरातल्या थोरल्याने पहिली बट कापली की पोर घराण्याचं. मग बाकीच्यांची तोंडं आपोआप बंद.

खुलान लेकाचे केस विंचरत बसली आणि रडली. मीही रडले.

३ जून

लामांनी मुहूर्त दिला: घोड्याचा प्रहर, म्हणजे सूर्य माथ्यावर. यांनी लगेच त्याचे बारा करून टाकले, तेही नव्या घड्याळाचे! मी म्हटलं, भावजी डोंगरात राहतात, ते ऊन बघून निघतील. तर म्हणे, सरकारी माणसाच्या घरी सरकारी वेळ.

खरं कारण मला ठाऊक आहे. यांचे मोठे साहेब येणार आहेत.

१४ जून

लिहू नये असं वाटतं, तरी लिहिते.

साहेब बाराला हजर. त्यांना पुढे नदीवर मासे धरायला जायचं होतं. ऊन अजून तिरपं. मी म्हणत होते थांबा, थांबा – पण यांनी निळी रेशमी पट्टी बांधलेली कात्री साहेबांच्या हातात दिलीसुद्धा. साहेबांनी बट कापली, चॉकलेटचा डबा दिला. मग काय, सगळ्यांनीच एकेक बट कापून हात धुऊन घेतले.

सावली पायाखाली आली आणि भावजी आले. नवा अंगरखा, मागे करडं शिंगरू. बदराल गोटा डोक्याने अंगणात पळत होता. भावजी बघत राहिले.

हे म्हणाले, "दादा, तुम्हाला उशीर झाला."

उशीर! हातातली पळी यांच्या डोक्यात घालावीशी वाटली.

"मी लामांच्या वेळेला आलोय," भावजी म्हणाले. "तू कुणाच्या?"

चहाला तोंडही लावलं नाही. शिंगरू वळवलं आणि गेले. खुलान कितीतरी वेळ दारात उभी होती.

२६ सप्टेंबर

सरकारने तास परत केला. भावजी कोण परत करणार? हे दोनदा माफी मागायला जाऊन आले, मानाची रेशमी पट्टी आणि बाटली घेऊन. दोन्ही जशीच्या तशी घरी आली.

२६ मार्च २०१६

तास पुन्हा नेला. खुलान बेकरीत लागली. पाण्याच्या रांगेत बायका तिला न मिळालेल्या शिंगराचं वय विचारतात. माझ्यादेखत कुणी विचारून बघावं.

१७ फेब्रुवारी २०१७

उन्हाळी वेळ रद्द! तसं पत्रक यांनीच चिकटवलं. लेकरांच्या झोपेचं खोबरं होतं, जनावरं बिथरतात – मला असं वाचून दाखवलं जसा काही यांनीच शोध लावला. वर म्हणतात, "मला ती वेळ कधी पटलीच नव्हती."

हसू आवरेना. किटली खाली ठेवावी लागली.

२५ मार्च

भावजी आले. शिंगराचा घोडा झालाय; त्याचा लगाम माझ्या हातात दिला. म्हणाले, "ते घड्याळ मिटलं, आपणही मिटवू. कात्री आणा, बट मी कापतो."

हे धावत आत. खुलान बाहेर आली आणि माझ्याकडचा लगाम काकांच्या हातात परत दिला.

"थोरले काका, चहा घ्या. कात्री नको. बालवाडीत नाव घातलंय त्याचं – खुलानचा बदराल."

भावजींनी चहा घेतला.