फेब्रुवारीत मठ्ठ

प्रिय टॅमसिन,

तू फोन ठेवलास तरी मी हसतच होतो. "पास झाले, म्हाताऱ्या! तुझी युक्ती चालली," असं तू ओरडलीस ते स्वयंपाकघरभर ऐकू गेलं. रविवारच्या सामन्यात समोरच्या संघातल्या त्या मुलीचा खांदा तुझ्या कानशिलावर बसला, तो आम्ही टीव्हीवर पाहिला होता. आई म्हणाली, "कसली युक्ती?" मग तिला सांगावं लागलं.

मला ती क्लॅरीने शिकवली. फुटबॉल क्लबात आमचे गुडघे-घोटे बांधायचा तो. हंगामाआधी, फेब्रुवारीत, डॉक्टर दहा शब्द वाचायचे, ते आपण परत म्हणायचे. पुढे डोक्याला मार लागला की पुन्हा दहा शब्द, आणि आधीच्या आकड्याशी ताडून बघायचं. आमचे अंतिम सामने सप्टेंबरात. "फेब्रुवारीत मठ्ठ राहा पोरा, सप्टेंबरात हुशार ठरशील," क्लॅरी म्हणायचा. मला नऊ यायचे, मी पाच म्हणायचो. निम्मा संघ तेच करायचा. चौदा हंगाम, दोनशे सत्त्याऐंशी सामने. डोक्यापायी एकही चुकला नाही. तू बारा वर्षांची असताना, आई घरी नव्हती तेव्हा, हे मी जेवताना गंमत म्हणून सांगितलं. पेस्टी खाता खाता तुला ठसका लागला.

गंमत अर्धीच सांगितली होती. माझ्या दुसऱ्या अंतिम सामन्यातला शेवटच्या मिनिटाचा तो गोल. पबमध्ये ब्रेंटन अजून दर शुक्रवारी विचारतो, "काय चॅम्पियन, चेंडू सुटला तेव्हाच कळलं होतं ना?" मी म्हणतो, "पायालाच कळतं रे." मला त्यातलं काही आठवत नाही. पहिल्याच सत्रात कुणाचा तरी गुडघा डोक्यात बसला, आत जाऊन पाच शब्द म्हणालो, परत मैदानात आलो, असं क्लॅरीने नंतर सांगितलं. गोल मी चित्रफितीत पाहिला, तू पाहिलास तसाच. पदक गळ्यात घेणारा माणूस हसतो आहे. तो मी आहे म्हणतात.

गेल्या मंगळवारी कदीनाहून येताना चौकात गाडी थांबवली. घर कुठल्या हाताला, ते सुचेना. मागच्याने हॉर्न मारला, तेव्हा लाजेने डावीकडे वळलो. डावीकडेच होतं. आई मला याद्या लिहून देते हे तू पाहिलं आहेस. का देते, ते आम्ही तुला कळू दिलं नाही.

आज तू एकाच फोनमध्ये दोनदा विचारलंस, सातू कापून झाला का. दोन्ही वेळा मी म्हणालो, परवापर्यंत होईल. माझ्या लक्षातही आलं नाही. आईच्या आलं.

शनिवारी तुझा पहिला अंतिम सामना. त्याच्यासाठी तू काय काय सोडलंस ते मला कोणी सांगायला नको. डॉक्टरांना सांगू का, असं विचारलं तर तू नाही म्हणशील. मीही म्हटलं असतं, वर बापाला शिवी घातली असती. म्हणून विचारत नाही. सकाळी तुमच्या संघाच्या डॉक्टरीणबाईंना फोन करून, हंगामाआधी तू मुद्दाम कमी शब्द म्हणालीस, ते सांगणार आहे. चुगली कोणी केली ते तुला हे पत्र पोचण्याआधीच कळेल. का केली, ते माझ्या हातचं तुझ्याजवळ असावं, म्हणून लिहिलं.

तुझाच,
बाबा

ता. क. बुधवार. साडेआठला बाईंशी बोललो. दहाला तुझं नाव संघातून निघालं. अकराला तुझा फोन आला. आईने घेतला.