यंत्राची चूक वजा जाता

३ जून, सकाळी ६.४०
साखर मोजायचं यंत्र आणलं. डॉक्टरांचा हुकूम: रोज उपाशीपोटी बोट टोचायचं, आकडा वहीत लिहायचा. शिवाय फ्लूची लस घ्या म्हणाले, मधुमेहाच्या माणसाला साधा ताप साधा राहत नाही. नऊ वर्षं मधुमेह आहे, अजून तरी सगळे ताप माझ्याशी साधेपणानेच वागलेत. तरी संकल्प: गोडाच्या बाबतीत कानाला खडा.
आकडा २६४.

४ जून, सकाळी ६.३०
२७१. शक्यच नाही. काल दिवसभरात गोड म्हणून एकच बिस्किट. दुसरं तुटलेलं होतं, ते धरत नाही.
मी वजनमापे निरीक्षक आहे. एकवीस वर्षं दुकानदारांचे काटे तपासतोय. कुठलंही यंत्र शंभर टक्के खरं बोलत नाही, हे मला नाही तर कुणाला कळणार? खात्री म्हणून बायकोचं बोट टोचलं. ९६. म्हणजे तिच्याशी यंत्र नीट वागतं, माझ्यावरच डूख धरून आहे. ती म्हणाली, मग गोळ्या वेळेवर घ्या. विषयांतराची सवयच आहे तिला.
निर्णय: यंत्राची चूक एकशे दहा. रोज वजा करायची. वहीत शुद्ध आकडाच जाणार.

१२ जून
१५२, शुद्ध. वही बघून बायको खूश. शेजारणीला सांगत होती, यांनी मनावर घेतलं की घेतलं. आकडे इतके चांगले असताना अख्खी गोळी घेणं म्हणजे शरीरावर अविश्वास. अर्धी केली. तिला बोललो नाही, उगाच डोक्याला ताप.

२६ जून
लस राहिली. गुरुवारी नक्की.

३ जुलै
गुरुवार गेला. लस घेणं म्हणजे आजाराला स्वतःहून घरचा पत्ता देणं.

८ जुलै
साहेबांचा निरोप समारंभ. टायपिस्ट शिंकत केक वाटत होता. दोन तुकडे. निरोपाला नाही म्हणणं वाईट दिसतं.

११ जुलै
ताप. अंग ठणकतंय. टायपिस्ट आणि शिपाईही आडवे झालेत. दोन दिवसांचा प्रश्न.

१४ जुलै, सकाळी
टायपिस्ट कामावर हजर. शिपाईही. तो माझ्याहून चार वर्षांनी मोठा, आणि सायकलवरून आला म्हणे. मला पलंगावरून न्हाणीघरात जायचं तर मध्ये खुर्ची लागते.

१४ जुलै, दुपारी
बायकोने डॉक्टरांना फोन केला. त्यांनी साखर विचारली. तिने वही उघडून खणखणीत आवाजात वाचली: १४८, १५१, १४४. डॉक्टर म्हणाले, साखर इतकी ताब्यात आहे तर दोन दिवस घरीच वाट बघू. तिचा जीव भांड्यात पडला.
यंत्र आज ३८८ म्हणत होतं. सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात खोकला आला. तापात यंत्राची चूकही वाढत असावी.

१६ जुलै
हॉस्पिटल. नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क. बोलता येत नाही, लिहिता येतं. दोन वाक्यांत दम लागतो.

१७ जुलै
इथल्या डॉक्टरीणबाईंनी बायकोला समजावलं. साखर अशी महिनोन्‌महिने चढलेली असली की शरीराला विषाणूशी नीट लढता येत नाही. तोच विषाणू दुसऱ्याला तीन दिवस झोपवतो, यांची दोन्ही फुप्फुसं धरून बसलाय. त्यात दोन दिवस उशीर झाला. बायकोने घाईघाईने वही पुढे केली. बाईंनी वही पाहिली, तीन महिन्यांच्या सरासरीचा रिपोर्ट पाहिला आणि वही मिटून परत दिली. 
बायको रडली. म्हणाली, फोनवर मीच वाचून दाखवलं ना. चूक तुझी नाही, एवढंच मला तिला सांगायचं होतं. मास्क काढू देत नाहीत. लिहून दाखवता आलं असतं. दाखवलं नाही. मला लाज वाटली.

१८ जुलै
बोटाला चिमटा लावलाय, त्यावर रक्तातला ऑक्सिजन कळतो. त्याचा पडदा माझ्या डोक्यामागे. बायको बघून त्याच वहीत लिहिते आणि मला दाखवते. ९४. चांगला आहे. घरी गेल्यावर अख्खी गोळी आणि लस, दोन्ही.

२० जुलै, सकाळी
९५. सलग दुसऱ्या दिवशी. दम मात्र जास्त लागतोय. खोलीची हवा कोंदट असावी.

२० जुलै, दुपारी
नर्स तक्ता पलंगावर विसरून गेली. सवयीने तपासला. माझाच. ८५, ८४, ८२. वेळा त्याच. बायकोच्या वहीत ९४, ९५, ९५.
म्हणजे तिने नऊ मिळवले, मग अकरा, मग तेरा. माझी चूक निदान रोज एकशे दहाच होती. तिची रोज वाढते आहे.
ती आली. वही पुढे धरून म्हणाली, चांगले आहेत ना आकडे? मी मान डोलावली.